जवसाचं तेल का सुकलं नाही? एका रायफलच्या दस्त्याचं प्रकरण

"दादा, तेल लावून आज अकरावा दिवस हाये. हात लावला का अजून चिकटते. पन सगळीकडं नाही, एवढ्याच जागी."

मामेभावाचा हा फोन सप्टेंबर २०२४ मधला. 'एवढ्याच जागी' म्हणजे नेमकं कुठं, हे मी त्याला विचारलं नाही. पावसाळा आहे, घाणीचं कच्चं तेल आहे, वेळ लागणारच, असं सांगून फोन ठेवला. तो एक प्रश्न तेव्हाच विचारला असता तर तीन महिने वाचले असते.

मी नोकरीभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. दारं, खिडक्या, बंगया म्हणजे झोपाळे, देव्हारे, सगळ्यांना पॉलिश केलं आणि पोरांकडून करवून घेतलं. बंदुकीचा दस्ता मात्र कधी हाती आला नव्हता. लाकूड ते लाकूड, त्यात वेगळं काय असणार, असा माझा तोरा होता. तो कसा उतरला ते पुढे येईलच.

रायफल आणि तिचे कागद

ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये मामांचं गाव. परवाना पीक संरक्षणाचा, आधी मामांच्या नावावर, ते गेल्यावर रीतसर अर्ज करून मुलाच्या नावावर आलेला. रायफल ईशापूरच्या कारखान्यातली, .३१५ बोअरची. .३०३ ही लष्कराची गोळी आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्या गोळीची जुनी लष्करी रायफल म्हणजे ली-एनफिल्ड; तीच घडण ठेवून .३१५ ची शिकारी रायफल नागरिकांसाठी बनवली गेली. रानडुक्कर मारायचं तरी वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे ही रायफल वर्षातले बहुतेक दिवस कोपऱ्यात उभीच असते. 'उभी' हा शब्द लक्षात ठेवा.

कामाला हात घालण्याआधी मी एक अट घातली. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करून देण्याच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो आणि शस्त्राचे सुटे भागही त्या कायद्यात शस्त्रातच मोजले जातात. म्हणजे मी दस्ता पिशवीत घालून माझ्या घरी आणायचा आणि सावकाश पॉलिश करायचा, हे जमणार नव्हतं. काम त्याच्या अंगणात, त्याच्या हातांनी. मी बाजेवर बसून सांगणार. लाकूड तडकलेलं निघालं तर काम तिथंच थांबवून रायफल परवानाधारक बंदूक-कारागिराकडे. त्याला हे जरा अति वाटलं. "दादा, तुम्ही तं वकिलापेक्षा भारी," म्हणाला. पण ऐकलं.

ऑगस्टमध्ये काय दिसलं

लोकसभेच्या निवडणुकीआधी, मार्च २०२४ मध्ये, त्याने रायफल नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली होती. आमच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात १९ एप्रिलला मतदान झालं, ४ जूनला मोजणी. तेव्हाच जाऊन परत आणायची, तर पऱ्हे टाकायचे होते, मग चिखलणी, मग रोवणी. रायफल आणायला ऑगस्ट उजाडला. दोन-अडीच महिने ती पावसाळी हवेत पडून राहिली, यात चूक कोणाची म्हणाल तर त्याचीच. तो ती मानतोही.

दस्त्यावर पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ब्रशने पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निश मारलं होतं, जुनं तेल-पॉलिश न काढता. चकाकी हवी होती म्हणे. त्या व्हार्निशचे आता पापुद्रे सुटले होते, कुठे पांढरट धुके धरलं होतं, गालाच्या जागी नखाने सालपट निघत होतं. खाली मूळचं तपकिरी लाकूड दिसत होतं, घट्ट आणि बारीक रेषांचं. रंग, वजन आणि रेषा पाहता ते अक्रोडाचंच असावं.

मुळात या रायफलींचे दस्ते व्हार्निशचे नसतातच. ली-एनफिल्डच्या लाकडाला कारखान्यात कच्च्या जवसाच्या तेलात मुरवत. पुढे शिपाई तेच तेल चोळत राहत. आपल्याकडची पोरं नव्या क्रिकेट बॅटला जे तेल पाजतात ते हेच, फक्त छोट्या बाटलीत आणि भलत्या भावात. मी हे सांगितल्यावर मामेभावाचे डोळे चमकले. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत तो दरवर्षी लाखोरी आणि जवस फेकतो. घरात स्वतःच्या शेतातल्या जवसाचं, घाणीवर काढलेलं तेल होतं. "मंग दुकानात काहून जायचं?"

खरं तर मलाही ते आवडलं. त्याच्याच बांधीतलं तेल त्याच्या बापाच्या रायफलीला. अशा गोष्टी मनाला पटल्या की डोकं जरा कमी चालतं.

पहिला प्रयत्न

तो इथं लांबवत नाही. व्हार्निश काढण्यासाठी पेंट रिमूव्हर आणि काचेचा तुकडा वापरला. काच नुकतीच फोडलेली असेल तर तिची कड रंध्यापेक्षा नाजूक काम करते. जुन्या सुतारांना हे सांगावं लागत नाही. मग पॉलिश पेपर, मग तेल. एक दिवसाआड तीन हात दिले. दस्त्याचा मागचा भाग आणि नळीखालचं पुढचं लाकूड आठ-नऊ दिवसांत बऱ्यापैकी सुकलं. दस्ता जिथं लोखंडाला भिडतो, तिथून मागे वीतभर, म्हणजे मुठीत धरायची बारीक मान, तेवढी सुकेना.

एक मोठी चूक या वेळी झाली आणि ती माझी. लोखंडापासून लाकूड सुटं न करताच आम्ही काम केलं. कडांना चिकटपट्टी लावली आणि भागवलं.

फोनवरून सल्ले देणारे गावात कमी नव्हते. एकाने खोबरेल सुचवलं. एकाने मोहाच्या टोरीचं तेल. एक म्हणाला करडईचं लाव, हलकं असते. इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण याच गोष्टीने पुढे कोडं उलगडलं.

तेल 'सुकतं' म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्याच्या रेणूत ज्या जागा मोकळ्या असतात तिथं हवेतला प्राणवायू येऊन बसतो, शेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाची जाळी होऊन कातडीसारखा थर बनतो. सुकताना तेलाचं वजन घटत नाही, उलट वाढतं. या मोकळ्या जागा किती आहेत ते आयोडीन अंकावरून मोजतात. जवसाचा १७० च्या वर, करडईचा १४० च्या आसपास, शेंगदाण्याचा ९० च्या जवळपास, खोबरेलाचा जेमतेम १०. म्हणून खोबरेल लाकडावर वर्षभर ठेवलं तरी खोबरेलच राहतं. मोहाच्या बियांचंही तसंच. करडईचं कसंबसं सुकेल, पण इतकं हळू की तोवर त्यावर धूळ, केस, मुंग्या सगळं बसेल.

जवस सुकायला हवा लागते, ऊब लागते आणि थर पातळ लागतो. सप्टेंबरात आमच्याकडे हवा ओलीचिंब. त्यामुळे 'पावसाळा आहे' हे माझं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. पण मग मागचा भाग का सुकला? पाऊस काय मानेवरच पडत होता?

मी हे तेव्हा विचारात घेतलं नाही. आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. रायफल पुन्हा जमा करायची. चिकट दस्ता तसाच बारदान्यात गुंडाळून त्याने नेऊन दिला.

डिसेंबरातला पंचनामा

नोव्हेंबरअखेर रायफल परत आली. मानेवर बारदान्याचे धागे चिकटून वाळले होते, मधून काळे ठिपके. कच्च्या जवसाच्या तेलावर ओल्या, कोंदट हवेत बुरशी धरते. ते तिच्यासाठी खाद्यच असतं. रंगाच्या डब्यात कारखानेवाले बुरशीनाशक घालतात ते उगाच नाही. बाकीचा दस्ता मात्र ठीक होता, नखाने ओरखडा उठत नव्हता.

या वेळी मी स्वतः गेलो. रायफल रिकामी आहे हे त्याने मला आणि मी त्याला दाखवलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. मग लाकूड सुटं करायचं ठरलं.

ली-एनफिल्डच्या घडणीत लाकडाचे दोन वेगळे तुकडे असतात, पुढचं आणि मागचं, मध्ये लोखंड. मागचा दस्ता एका लांब स्क्रूने लोखंडी खोबणीत ओढून बसवलेला असतो. तो स्क्रू दस्त्याच्या पोटातून आरपार जातो आणि त्याचं डोकं मागच्या लोखंडी पट्टीआडच्या भोकात, लांब स्क्रूड्रायव्हरनेच लागतं. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. म्हणून पुढचं लाकूड आधी उतरवायचं. क्रम चुकवून मागचा स्क्रू फिरवला की ते चौकोनी टोक आतल्या आत फिरतं आणि पुढचं लाकूड चिरतं. हा एक नियम ज्याला माहीत नाही त्याने या रायफलीच्या स्क्रूला हात लावू नये. आम्ही पुढचं लाकूड उतरवलं, मग स्क्रू सोडला. नळी आणि बाकीचं लोखंड कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या करदोट्याला.

दस्ता खोबणीतून बाहेर आला आणि मी गप्प झालो. खोबणीत बसणारं लाकडाचं टोक डांबरासारखं काळं. बोट दाबलं तर बोटाला तेल. वास जवसाचा नव्हता, शिलाई मशीनच्या तेलाचा होता.

"मामा रायफलीला तेल कसं घालत होते?"

"वरून. चांगलं भरपूर. बाबा म्हनत, लोखंडाले तेल अन् बैलाले ढेप, कंजुशी नाही करायची. मंग पुसून कोपऱ्यात उभी."

नळी वर, दस्ता खाली. चाळीसेक वर्षं. लोखंडावरचं प्रत्येक जादा थेंब तेल हळूहळू खाली सरकत खोबणीत यायचं. तिथं लाकडाची टोकाकडची बाजू उघडी, म्हणजे झाडात पाणी चढवणाऱ्या नळ्यांची तोंडं. त्या नळ्यांनी ते पीत पीत वीतभर आत नेलं होतं. मशीनचं तेल खनिज तेल. त्यात जवसासारख्या मोकळ्या जागा नसतात, ते कधीच सुकत नाही. आणि ते जवसाच्या तेलात मिसळलं की जवसाचीही जाळी नीट धरत नाही, थर लिबलिबीत राहतो. वरचं व्हार्निश सुटण्याची सुरुवातही मानेपासूनच झाली होती, हे आता आठवलं. तेलकट ताटाला पीठ चिकटेल का?

तरी खात्री हवी होती. बीजा नावाच्या लाकडाच्या एकाच फळीचे दोन तुकडे कापले. एक कोरा ठेवला, दुसरा रात्रभर मशीनच्या तेलात बुडवून पुसला. दोन्हींवर तेच घाणीचं जवसाचं तेल, सारखंच, पातळ. डिसेंबरच्या कोरड्या हवेत कोरा तुकडा पाचव्या दिवशी हाताला लागेनासा झाला. दुसरा महिन्याने मी परत गेलो तेव्हाही ओला. मामेभावाने दोन्ही तुकडे सल्ले देणाऱ्यांना दाखवायला ओसरीवर टांगून ठेवले. जवस निर्दोष सुटलं.

मुरलेलं तेल बाहेर काढणं

या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथं गेला, आणि जावा लागतो.

गावातला सोपा उपाय म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात दस्ता बुडवणं. तेल निघतं, खोटं नाही. पण त्यासोबत लाकडाचे तंतू फुगतात, रंग काळवंडतो, आणि खोबणीत घट्ट बसणारं टोक आकार बदलतं. इतर कुठलं लाकूड असतं तर मी एकदा विचार केला असता. इथं ते टोक गोळीचा धक्का झेलतं. त्याच्या आकाराशी खेळ नको.

आम्ही ऊन आणि खडू वापरला. आधी मानेवरचं अर्धवट सुकलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइन आणि गोणपाटाच्या तुकड्याने रगडून काढलं. मग दस्ता काळ्या कापडात गुंडाळून दहा ते दोन या वेळात उन्हात ठेवला, टोक वर करून. अर्ध्या तासाने कापड उघडलं तर लाकडाला घाम फुटल्यासारखं तेल वर आलेलं. पुसायचं, फिरवायचं, परत गुंडाळायचं. एकाच बाजूने तापू दिलं तर लाकूड तडकतं, म्हणून फिरवणं विसरायचं नाही. मे महिन्यात हे करू नये. आमच्याकडच्या उन्हात तेव्हा लोखंडही हाताला सहन होत नाही.

उन्हाने वरवरचं निघालं. खोलवरचं ओढायला रंगारी लांबी करायला वापरतात ती चॉक पावडर आणली, किराणा दुकानाशेजारीच मिळाली. ती थिनरमध्ये दह्यासारखी कालवून मानेवर आणि टोकावर बोटभर जाड थापली. थिनर लाकडात शिरून तेल पातळ करतं, आणि परत बाहेर उडताना ते तेल खडूत सोडून जातं. तीन-चार तासांत लेप वाळतो, ब्रशने झटकायचा, नवा लावायचा. हे उघड्यावर, चूल आणि विडी यांपासून लांब. मामेभावाला विडीची सवय आहे; थिनरच्या डब्याजवळ मी विडी पेटवू दिली नाही, म्हणून तो दिवसभर रुसून होता.

पहिला लेप झटकला तो तपकिरीच्या डबीसारखा. दुसरा तिसराही तसाच. चौथ्यापासून फिकट. असे नऊ लेप झाले, दिवसाला एक. आठवा साबुदाण्याच्या पिठासारखा पांढरा निघाला, नववा खात्रीसाठी. टोकापाशी अंगठ्याएवढं काळं कडं तरीही राहिलं. ते खोबणीत झाकलं जातं, म्हणून सोडून दिलं.

याच थिनरने आणखी एक काम केलं. ओल्या फडक्याने मान पुसली आणि उडून जाताना नीट पाहत राहिलो. बारीक चीर असली तर बाकीचं लाकूड कोरडं झाल्यावरही तिची रेष क्षणभर ओली दिसते. दिसली नाही. दिसली असती तर हे लिखाण इथंच संपलं असतं.

घासणं, वाफ, आणि तेलाचा निवाडा

दोन खोलगट ठोकर होत्या. ओलं सुती फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली. वाफ शिरते आणि दबलेले तंतू फुगून वर येतात. एक ठोकर पूर्ण भरली. दुसरीतले तंतू दबलेले नसून तुटलेले होते, ती तशीच राहिली. मामेभावाला ती लाकडाच्या भुशाने भरायची होती. मी नको म्हटलं. भराव तेलाखाली गडद डाग होऊन आयुष्यभर डोळ्यात खुपतो, खड्डा मात्र महिन्याभरात दिसेनासा होतो.

घासताना मागची लोखंडी पट्टी आणि पुढे खोबणी जागेवर बसवून मगच कडांजवळ पेपर फिरवला. लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा कागदभर वर असावं. समपातळीत घासलं की कड गोल होते आणि मग ती बसवलेली वाटत नाही, चिकटवलेली वाटते. १८० ने सुरुवात, मग २२०, शेवट ३२०. त्यापुढे जाऊ नका. आरशासारखं घासलेलं लाकूड तेल प्यायला नाही म्हणतं. मध्ये दोनदा ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, उभे राहिलेले तंतू पेपरने हलक्या हाताने कापले. हे आत्ता केलं नाही तर पहिल्या पावसात दस्त्याला दाढी फुटते.

आता तेल कोणतं? मामेभावाचा हट्ट घरच्या जवसाचाच, आणि चाचणीत ते पास झालं होतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं तेही जवसाचंच, पण त्यात लवकर सुकण्यासाठी कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. ते थंडीतही दिवस-दीड दिवसात सुकतं. ते खायचं तेल नव्हे. वहिनी जवसाची चटणी करतात त्या बरणीशेजारी मी ती बाटली पाहिली आणि स्वतः उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. तिसरं तुंग तेल, चिनी झाडाच्या बियांचं, पाण्याला जवसापेक्षा चांगलं तोंड देणारं. इथं मागवूनच मिळतं, महाग, आणि 'तुंग फिनिश' लिहिलेल्या बऱ्याच डब्यांत तुंगापेक्षा व्हार्निश जास्त असतं.

आम्ही तिघांनाही कामाला लावलं. शुद्ध तुंगाची छोटी बाटली फक्त लपलेल्या जागांसाठी: खोबणीतलं टोक, मागच्या पट्टीखालचं टोक, नळी बसते ती पन्हळ. तीन पातळ हात, कारण तुंग जाड लावलं तर सुरकुत्या पडून पांढुरकं होतं. टोकांची तोंडं एकदा बंद झाली की वरचं मशीनचं तेल आणि खालची ओल, दोघांनाही दार बंद. बाहेरच्या भागाला आधी घरच्या जवसाच्या तेलात निम्मं टर्पेंटाइन मिसळून दोन हात, खोल शिरावं म्हणून. त्यावर डबल बॉइल्डचे सहा. प्रत्येक वेळी चमचाभर तेल तळव्यावर घेऊन हात गरम होईपर्यंत चोळायचं, पंधरा मिनिटांनी जे वर राहिलं ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून टाकायचं. पुसायला माणसं कचरतात, तेल वाया जातं म्हणून. पण लाकडाला जे हवं होतं ते त्याने घेतलेलं असतं. वर राहतं तेच उद्या चिकटतं.

तिसऱ्या आणि चौथ्या हाताला तेल ओलं असतानाच ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं. निघालेली भुकटी आणि तेल मिळून जो लगदा होतो तो अक्रोडाच्या रंध्रांत बसतो आणि रंध्रं त्याच लाकडाने, त्याच रंगाने भरतात. हा लगदा पूर्ण पुसायचा नाही, आडवा पुसून सुकू द्यायचा. दस्त्याच्या रेषा इथं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडल्या. मागच्या बाजूला मधाच्या रंगाचा एक पट्टा निघाला, तो मामांनीही कधी पाहिला नसेल.

दिवसाला एकदा आठवडाभर, आठवड्याला एकदा महिनाभर, महिन्याला एकदा वर्षभर, अशी तेल देण्याची एक जुनी रीत सांगतात. आमच्या हवेत त्यातला पावसाळ्याचा भाग वगळावा. जून ते सप्टेंबर तेलाची बाटली उघडूच नये.

बादलीतला धूर

फेब्रुवारीतली दुपार. पाचवा हात देऊन झाला होता. तेल पुसलेली सगळी फडकी मामेभावाने बोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली आणि बादली गोठ्याच्या भिंतीला, तणसाच्या ढिगापासून चार पावलांवर ठेवून आम्ही जेवायला बसलो. तासाभराने वहिनी म्हणाल्या, "कायचा वास येऊन रायला?" जळक्या रंगासारखा वास होता. बादलीतल्या बोळ्यातून पांढुरका धूर निघत होता, आणि वरचं फडकं उचललं तर आतलं हाताला भाजत होतं. मी बादली उचलून सरळ नांदीत पालथी केली.

मघाशी सांगितलं की जवस सुकताना प्राणवायू धरतं. त्या क्रियेत उष्णता निघते. दस्त्यावर पसरलेल्या पातळ थरातून ती हवेत जाते, बोळ्यात कोंडून वाढत जाते. काडी न लावता फडकं पेटतं. डबल बॉइल्डमध्ये क्रिया वेगवान, म्हणून धोकाही जास्त. हे मी वर्गात पोरांना दरवर्षी सांगत आलो होतो, आणि इथं हात पुसायच्या घाईत त्याला सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून फडकी एकेक सुटी करून तारेवर वाळत, मग मातीत पुरलेली. किंवा लगेच पाण्यात.

त्यानंतरचा पावसाळा

आठवा हात फेब्रुवारीअखेर झाला. त्यानंतर तीन आठवडे लाकूड नुसतं टांगून ठेवलं, मग जोडणी उलट्या क्रमाने: आधी मागचा दस्ता, स्क्रू घट्ट, शेवटी पुढचं लाकूड. मानेला तोवर गाल लावून पाहिला, कोरडी होती.

मे महिन्यात मामेभावाने स्वतःच्या डोक्याने एक प्रयोग केला. थाळीत घरचं जवसाचं तेल बोटाच्या पेराएवढं ओतलं, वर खिडकीची काच तिरपी ठेवून हवा खेळती राखली, आणि तीन आठवडे माळवदावर उन्हात ठेवलं, रोज ढवळत. तेल मधासारखं दाट आणि फिकट झालं. जुने चित्रकार तेल असंच घट्ट करत. ते कच्च्यापेक्षा लवकर सुकतं आणि दुकानातले क्षार लागत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात डागडुजीला तेच वापरायचं त्याने ठरवलं आहे. मी हरकत घेतली नाही.

२०२५ चा पावसाळा दस्त्याने काढला. ऑगस्टमध्ये पाहिलं तेव्हा गालाच्या जागी चमक थोडी मंद झाली होती, एवढंच. जवसाचा थर पाणी पूर्ण अडवत नाही, वाफ आत-बाहेर करतेच. तसं नको असेल तर व्हार्निशकडे जावं आणि मग पापुद्र्यांची तक्रार करू नये. मान कोरडी होती. बुरशी नव्हती.

रायफल आता कोपऱ्यात उभी राहत नाही. भिंतीला दोन खुंट्या मारून आडवी ठेवतो. लोखंडाला तेल दिलं की पहिले दोन दिवस मात्र नळी खाली करून, दस्ता वर, तोंडाखाली जुन्या धोतराची घडी. मागच्या खेपेला मी तिथं मुक्कामाला होतो. सकाळी वहिनींनी ती घडी उचलून मला दाखवली. मधोमध रुपयाएवढा पिवळा डाग होता.